खरे आणि जुळणारे

परक्या माणसाने सांगितलेली हकिगत खरी मानण्याचे काही कर्तव्य आपल्यावर असते काय? माणसाने खोटे बोलू नये यावर आपल्याकडे आणि इतरत्रही अमाप लिहिले गेले आहे. हरिश्चंद्राच्या आख्यानावर तर आपल्या कितीतरी पिढ्या पोसल्या. पण बोलणाऱ्याने सत्य बोलावे एवढ्याने भागत नाही. ऐकणाऱ्यानेही त्या सत्याला जागा द्यावी लागते. ती किती द्यावी आणि कोणत्या अटींवर द्यावी, याचा विचार आपण त्या मानाने फारच थोडा केला आहे. रोजच्या व्यवहारात तशी गरजही पडत नाही. काल रात्री ताप आला होता असे शेजारी म्हणाला, तर त्याचा दाखला कोणी मागत नाही. आपण विश्वास ठेवतो, कारण विश्वास ठेवल्याने आपले काही जात नाही.

माझा उदरनिर्वाह मात्र गेली बरीच वर्षे या प्रश्नावर चालला आहे. लंडनमध्ये परदेशांतून आलेल्या माणसांना मी कायद्याचा सल्ला देतो, आणि अलीकडे या कामात नव्याने शिरणाऱ्यांना अपिलांचा भाग शिकवतो. बॅरिस्टर किंवा सॉलिसिटर नसलेल्या माणसाने परवान्यावाचून असा सल्ला देणे हा तिथे १९९९ च्या कायद्याने गुन्हा ठरला. परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि पहिल्या पायरीवरच्या माणसाने अपिलाला हात लावायचा नाही, तसे काम आले तर वरच्याकडे पाठवायचे, असा नियम आहे. मला तो फार शहाणपणाचा वाटतो. नव्या माणसाला सर्वांत आधी शिकायचे असते ते हे की कोठे थांबावे. आणि समोर रडणारा माणूस बसला असता थांबणे किती कठीण असते, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

अपिलाची वाट सांगायला सोपी आहे. होम ऑफिसने, म्हणजे तिथल्या गृहखात्याने, अर्ज नाकारल्याचे पत्र पाठवले की देशात असलेल्या माणसाला चौदा दिवस मिळतात, आणि देशाबाहेर असलेल्याला अठ्ठावीस. प्रकरण पहिल्या पायरीच्या ट्रायब्यूनलपुढे जाते. तिथे एक न्यायाधीश, गृहखात्याच्या बाजूने बोलणारा एक अधिकारी, एक दुभाषी, आणि मधल्या खुर्चीवर तो माणूस. न्यायाधीश सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकतो. तिथे हरले तर वरचे ट्रायब्यूनल आहे, पण त्याचे दार अरुंद. खालच्या न्यायाधीशाने कायद्याची चूक केली असेल तरच ते उघडते. तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, एवढी तक्रार तिथे चालत नाही. शिवाय २००२ पासून असा दंडक पडला आहे की त्याच माणसाचे दुसरे प्रकरण पुढे कधी आले, तर पहिल्या न्यायाधीशाने त्याच्याविषयी जे ठरवले असेल तेथूनच आरंभ करायचा. एकदा 'हा अविश्वसनीय आहे' असे लिहिले गेले की ते वाक्य त्याच्या मागे वर्षानुवर्षे चालत राहते. म्हणून मी वर्गात सांगतो, की खरे अपील एकच असते, आणि ते पहिले.

हा हक्क सर्वांना आहे असेही नाही. २०१४ च्या कायद्याने तो बहुतांशी आश्रय मागणाऱ्यांपुरता, मानवी हक्कांच्या दाव्यांपुरता आणि दिलेले संरक्षण काढून घेतलेल्यांपुरता उरवला. पुण्याहून किंवा ठाण्याहून नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या आपल्या एखाद्या इंजिनियराला मुदतवाढ नाकारली, तर त्याला बहुधा न्यायाधीश भेटतच नाही. ज्या खात्याने नाकारले तेच खाते पुन्हा एकदा कागद पाहते, इतकेच. सुशिक्षित मंडळी हे ऐकून चकित होतात. आपण रीतसर आलो, कर भरला, तर आपले म्हणणे ऐकून घेण्याची सोय असणारच, असे त्यांनी गृहीत धरलेले असते.

वस्तुतः अशी सोय असणे हीच अलीकडची गोष्ट आहे. १९६९ पूर्वी विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा असे. सर रॉय विल्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६७ मध्ये अहवाल दिला. माणसाच्या सबंध आयुष्याची दिशा ठरवणारा निर्णय सरकारी नोकराने घ्यावा आणि त्याच्यावर कोणाकडे दाद मागता येऊ नये, हे कायद्याच्या राज्याला शोभत नाही, असा त्याचा आशय होता. त्यातून १९६९ चा अपिलांचा कायदा झाला. आश्रय मागणाऱ्या सर्वांना देशात राहून अपील करता यावे, एवढ्यासाठी मात्र आणखी चोवीस वर्षे, १९९३ पर्यंत, वाट पाहावी लागली.

पण हा इतिहास सांगण्यासाठी मी लिहायला बसलो नाही. मला बोलायचे आहे ते त्या मधल्या खुर्चीवरच्या माणसाविषयी, आणि त्याच्या शेजारी कागद घेऊन बसणाऱ्या माझ्यासारख्याविषयी.

आश्रय मागणाऱ्याजवळ पुरावा बहुधा नसतो. ज्यांनी छळ केला ते त्याला पावती देत नाहीत. असतो तो त्याचा शब्द. आणि शब्द कसोटीला लावायचे साधन ट्रायब्यूनलजवळ मुख्यतः एकच आहे, ते म्हणजे त्याचे एक सांगणे दुसऱ्या सांगण्याशी जुळते की नाही हे पाहणे. देशात पाऊल ठेवताच एक छोटी मुलाखत होते, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मोठी होते, नंतर लेखी निवेदन, आणि शेवटी उलटतपासणी. चार वेळा एकच गोष्ट. चारही वेळा ती सारखी उतरली तर माणूस खरा, फरक पडला तर खोटा. ऐकताना हे किती रास्त वाटते! आपणही घरात मुलांची चोरी अशीच पकडतो.

या कसोटीची एकदा खरोखरीच परीक्षा झाली, ती गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगतो. सिल्हेटकडचे पुष्कळ पुरुष प्रथम जहाजांवर खलाशी म्हणून आणि मग गिरण्यांत व खानावळींत कामाला म्हणून ब्रिटनला गेले. त्यांच्या बायकामुलांनी मागाहून जायचे म्हटले, की ही खरोखरच त्यांची बायकामुले आहेत का, असा संशय येई. कचेरीत आईला एका खोलीत आणि मुलाला दुसऱ्या खोलीत बसवून घराची, गावाची, नातेवाइकांची चौकशी चाले. कोण कोठे निजते, चुलत्याला मुले किती, घराचे तोंड कोणीकडे. उत्तरे जुळली नाहीत की नाते खोटे. कितीतरी मुले अशी नाकारली गेली. मग १९८५ मध्ये लेस्टरच्या ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञाने नुकतीच शोधलेली डीएनएची परीक्षा घानाच्या एका मुलाच्या प्रकरणात प्रथम वापरली गेली, आणि ज्याला परका ठरवत होते तो त्याच आईचा मुलगा निघाला. पुढे गृहखात्याने स्वतःच भारतीय उपखंडातल्या कुटुंबांवर ही परीक्षा करून पाहिली. बहुसंख्य मुले सांगितलेल्या आईबापांचीच होती. दोन खोल्यांतली उत्तरे जुळली नव्हती, आणि नाते मात्र खरे होते. नाकारलेल्यांपैकी पुष्कळजण तोवर अठरा वर्षांवरचे झाले होते. मूल म्हणून आईबापांकडे जाण्याचा हक्क वयाबरोबर संपला होता.

जुळणे आणि खरे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून दिसते. त्या एकमेकींच्या जवळ राहतात, म्हणून आपण एकीला पाहून दुसरीचे नाव घेतो. खरे तर पाठ केलेली गोष्टच सर्वांत चांगली जुळते. आठवण ही निराळी वस्तू आहे. माझी आजी आपला जन्म 'मानमोडीच्या साली, गौरी जेवल्या त्या दिवशी' असे सांगे. १९१८ च्या साथीचे ते साल. तारीख तिला कधीच ठाऊक नव्हती. तिला कोणी विलायती कचेरीत बसवून जन्मदिनांक विचारला असता, तर दोन मुलाखतींत तिने दोन तारखा सांगितल्या असत्या, आणि दोन्ही वेळा ती खरेच बोलली असती.

तारखांचा हा घोळ किती वरवरचा असू शकतो याचे उदाहरण अफगाणांचे आहे. तिकडे चालत आलेल्या सौर वर्षात महिन्यांची नावे म्हणजे राशींचीच नावे: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, असद म्हणजे सिंह. आपल्या पंचांगात सूर्य सिंहेत जातो तो ऑगस्टच्या मध्याला. त्यांचा असद सायन गणिताने चालतो, म्हणून जुलैच्या बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी लागतो आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो. काबूल तालिबानांच्या हाती पडले तो २०२१ चा १५ ऑगस्ट म्हणजे त्यांच्या १४०० सालचा २४ असद. आता एखादा माणूस दोन्ही मुलाखतींत 'असदमध्ये' असेच म्हणाला. एका दुभाष्याने त्याचा जुलै केला, दुसऱ्याने ऑगस्ट. नकाराच्या पत्रात छापून येते, की अर्जदाराने एकाच घटनेचे दोन वेगळे महिने सांगितले, सबब त्याचे सांगणे विश्वासार्ह नाही. हा त्या अधिकाऱ्याचा दुष्टपणा नव्हे. त्याच्यापुढे कागद आहेत, आणि कागदांवर जुलै आणि ऑगस्ट हे दोन शब्द आहेत.

कोणी म्हणेल, तुम्ही एकच बाजू सांगता. खोटे सांगणारे येत नाहीत काय? येतात. मी त्यांनाही भेटलो आहे, आणि त्यांच्या गोष्टी बहुधा फार सुबक असतात. न्यायाधीशाने सर्वांवरच विश्वास ठेवायचा ठरवला तर त्याला बसवायचे तरी कशाला? शिवाय खोट्याने मिळवलेल्या प्रत्येक जागेमुळे खऱ्याच्या वाट्याचा विश्वास थोडा कमी होतो, हेही खरे. तेव्हा संशय हा अधर्म आहे असे माझे म्हणणे नाही. प्रश्न असा, की चूक होणारच असेल तर ती कोणत्या बाजूला व्हावी?

इंग्रजी कायद्याने या प्रश्नाला एक उत्तर दिले होते, ते मला अजून मोठे वाटते. १९८७ च्या डिसेंबरात हाऊस ऑफ लॉर्ड्सने श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांच्या प्रकरणात असे ठरवले, की परत पाठवल्यास छळ होईल हे निम्म्याहून अधिक संभवनीय आहे असे दाखवण्याची गरज नाही. तशी वाजवी शक्यता दिसली तरी पुरे. दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या वजनाच्या असतात, चार पैसे इकडे गेले काय नि तिकडे गेले काय. इथे त्या सारख्या नाहीत. खोट्याला ठेवून घेतले तर राज्याचे नुकसान होते. खऱ्याला परत पाठवले तर तो माणूस जातो.

आणि तरीही ज्या निकालात हे तत्त्व आले, त्याच निकालात ते तमिळ तरुण हरले. त्यांतल्या पाचजणांना १९८८ च्या फेब्रुवारीत श्रीलंकेत परत धाडले. त्या वेळी त्यांना अपिलाचा हक्क होता, पण तो देश सोडल्यावर वापरायचा! तिकडे काहींचा छळ झाला. इकडे लंडनमध्ये त्यांची अपिले चालली, आणि १९८९ च्या मार्चमध्ये ती मंजूर झाली: यांची भीती साधार होती, यांना आश्रय द्यायला हवा होता. त्याच वर्षी ते ब्रिटनला परत आले. पुढे स्ट्रासबूरच्या न्यायालयाने १९९१ मध्ये मानवी हक्कांच्या कराराचा भंग झाला नाही असा निकाल दिला, कारण परत पाठवताना जे ठाऊक होते त्यावरून सरकारचा निर्णय अवाजवी म्हणता येत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने कदाचित सगळेच बरोबर असेल. मी मात्र नव्या सल्लागारांना हे प्रकरण वाचायला देतो आणि त्यावर काही बोलत नाही.

२०२२ च्या कायद्याने त्या जुन्या तत्त्वाला मुरड घातली. त्या वर्षीच्या २८ जूनपासूनच्या अर्जांना दोन मापे लागू झाली. तुला खरोखर भीती वाटते काय आणि ती कशामुळे, हे निम्म्याहून अधिक संभवनीय असल्याचे दाखवायचे; पुढे काय होईल एवढ्यापुरतेच जुने, सौम्य माप. त्याआधी २००४ च्या कायद्याने तर विश्वास कसा मोजावा याचे हुकूमच न्यायाधीशांना दिले होते. खोटा पासपोर्ट वापरला, वाटेतल्या सुरक्षित देशात आश्रय मागितला नाही, तर त्याने विश्वासार्हतेला बाध येतो असे धरावेच. पळणाऱ्याने खरा पासपोर्ट कोणाकडे मागायचा, हे कायदा सांगत नाही. २००८ मध्ये अपील न्यायालयाने त्या वाक्याचा अर्थ 'बाध येऊ शकतो' असा सौम्य करून घेतला, आणि आपल्या देशात जे असंभवनीय ते इतरत्रही असंभवनीय असे समजू नये, असे त्याआधी २००६ मध्येच बजावले होते. इंग्रज न्यायाधीशांविषयी मला जो आदर आहे तो अशा किरकोळ दिसणाऱ्या दुरुस्त्यांसाठी. २०२५ मध्ये सरकारने ही अपिले न्यायाधीशांऐवजी एका नव्या स्वतंत्र संस्थेकडे सोपवण्याचा मनोदय जाहीर केला. तिथे बसणाऱ्यांनाही ऐकावी लागेल ती हीच गोष्ट, दुभाष्याच्या तोंडून.

आता सल्लागाराकडे वळतो. माझ्या वर्गात नागपूरला वकिली शिकून आलेली एक मुलगी होती. हुशार, आणि कोर्टाचा वारा लागलेली. अशिलाचे निवेदन कसे लिहून घ्यावे हे मी सांगत होतो, तेव्हा ती म्हणाली, "सर, आमच्याकडे याला साक्षीदार पढवणे म्हणतात." वर्गात इतर कोणाला मराठी येत नव्हते. मराठीत 'शिकवणे' आणि 'पढवणे' यांत केवढे अंतर आहे! साक्षीदाराला कोर्ट म्हणजे काय, कोण कोठे बसते, प्रश्न समजला नाही तर तसे सांगावे, हे शिकवणे झाले. काय सांगावे हे सांगणे म्हणजे पढवणे. इतकी सीमा कोणालाही कळते. कठीण जागा मधली आहे, आणि ती त्याच मुलीमुळे माझ्यापुढे नीट उभी राहिली.

आमच्याकडे एक अफगाण तरुण आला होता. त्याची ओळख पटू नये इतके तपशील मी बदलले आहेत. त्याच्या प्रकरणात असदचा तोच घोळ होता; तो दुभाष्यांचा होता हे आम्ही मूळ ध्वनिमुद्रणावरून दाखवू शकत होतो. पण दुसरीही एक विसंगती होती. छोट्या मुलाखतीत तो म्हणाला होता, 'माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी भावाला नेले.' मोठ्या मुलाखतीत म्हणाला, 'मी मामाकडे होतो, आईने सांगितले.' त्या मुलीने निवेदनाचा मसुदा केला. दुभाष्यांच्या चुकांविषयी एक उत्तम परिच्छेद लिहिला, आणि त्यातच, महिन्याच्या शेजारी, ही दुसरी विसंगतीही बसवून टाकली. वाक्य असे घडवले होते की त्यात खोटे म्हणावे असे काही नव्हते. वाचणाऱ्याने मात्र दोन्हींचे खापर दुभाष्यावर फोडले असते.

मी ते वाक्य काढायला सांगितले. ती चिडली, आणि तिचे म्हणणे पोकळ नव्हते. "सर, तो खरेच बोलतोय हे तुम्हालाही पटलंय. मग त्याची खरी गोष्ट बुडू द्यायची, आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून?" ट्रायब्यूनलची दिशाभूल करू नये हा आमच्या व्यवसायाचा नियम आहे, असे सांगून मला सुटता आले असते. पण नियम सांगितल्याने तिला पडलेला प्रश्न सुटत नव्हता. मी तिला जे म्हणालो ते असे. जे खरे ते जुळतेच, या समजुतीने सिल्हेटच्या मुलांना नाकारले. आपण अशिलाची गोष्ट घासूनपुसून जुळती करतो तेव्हा त्याच समजुतीला आपण खतपाणी घालतो. जुळत्या गोष्टी पाहायची सवय न्यायाधीशाला आपणच लावतो, आणि मग उद्या ज्याला सल्लागार मिळाला नाही असा एखादा, आपली आठवण जशी फाटकी आहे तशीच घेऊन येतो, तो तिथे खोटा दिसतो. शिवाय गोष्ट त्याची आहे. घर, भाऊ, देश गेल्यावर त्याच्याजवळ तेवढेच उरले आहे. तीही आपण आपल्या भाषेत बेतून दिली तर उलटतपासणीत तो स्वतःच्याच आयुष्यात अडखळेल.

तिला हे पूर्ण पटले असे मला वाटत नाही. ती म्हणाली, "मग निदान त्याला विचारू या. किंमत त्याला मोजायची आहे." हे मात्र तिचे अगदी बरोबर होते.

त्याला आम्ही बोलावले. ही दोन वाक्ये जुळत नाहीत, न्यायाधीश याबद्दल विचारील, आणि यावरून तुझे सगळे सांगणे तो नाकारू शकेल, असे स्पष्ट सांगितले. खोटे आम्ही लिहिणार नाही हेही सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, की ते त्याने इतक्या वेळा पाहिले आहे, की आपण तिथे होतो की आईने सांगितले, हे आता त्यालाच कळत नाही. आई असती तर विचारता आले असते. 'आता सांगता येत नाही' असे अशा कागदावर लिहिता येते का, असे त्याने विचारले.

लिहिता येते, असे मी दुभाष्याकरवी सांगितले. नागपूरच्या मुलीने सातवा परिच्छेद नव्याने लिहिला. दोन्ही वाक्ये, दोन्ही मुलाखतींच्या तारखा, आणि खाली त्याचे ते म्हणणे, त्याच्याच शब्दांत. निवेदन त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवले, त्याने सही केली. सुनावणी अजून व्हायची आहे.